आत्मकथन झाले, आता कादंबरी लिहा!

गेल्या महिन्यात कल्याणच्या कोर्टात जेवणाच्या सुट्टीत एक तरुण आम्हाला शोधत आला. जयभीम केला, बाकावर बसला आणि पाठीवरच्या बॅगेतून सव्वादोनशे पानांची झेरॉक्स काढून आमच्यापुढे ठेवली. आम्हाला वाटले जमिनीचे प्रकरण असेल, नाहीतर नोकरीतल्या जातपडताळणीचे. तो हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, कादंबरी आहे."

कादंबरी घेऊन वकिलाकडे येणारा पक्षकार आम्ही पहिल्यांदाच पाहिला. पण पोराचे काम कायद्याचेच होते. एका प्रकाशकाने त्याला कराराचा कागद दिला होता. छपाईचे सत्तर हजार रुपये लेखकाने भरायचे, तीनशे प्रती निघणार, त्यातल्या पन्नास लेखकाला मिळणार आणि पुस्तकाचे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' प्रकाशकाकडे जाणार. पैसे पोराचे, मेहनत पोराची, मालकी दुसऱ्याची! आमच्या बापजाद्यांनी केलेली वेठबिगारी यापेक्षा फार वेगळी होती काय?

त्याआधी तो दुसऱ्या एका मोठ्या प्रकाशकाकडेही जाऊन आला होता. तिथे त्याला चहा मिळाला, गोड शब्द मिळाले आणि सल्ला मिळाला की, "कादंबरी राहू द्या. तुमचं आत्मकथन असेल तर द्या, लगेच छापतो." पोरगा डोंबिवलीत वाढलेला. वडील रेल्वेत होते, आता पेन्शनवर आहेत. त्याने गावकुसाबाहेरचा महारवाडा पाहिला तो सुट्टीत आजीकडे गेला तेव्हा, चार दिवसांसाठी. तो आम्हाला विचारत होता, "साहेब, मी कसलं आत्मकथन लिहू? माझ्या डोक्यात तर माणसं आहेत, त्यांची गोष्ट आहे."

त्या पोराला जे सांगितले, त्यातले बरेच इथे मांडत आहोत. कारण असे पोरगे एकटे नाही. ठाण्यात, कळव्यात, उल्हासनगरात, अंबरनाथला, टिटवाळ्यापर्यंत आमच्या ओळखीत अशी पाच-सहा मुले-मुली आहेत, ज्यांच्या कपाटात वह्या भरून पडल्या आहेत आणि ज्यांना कोणी 'लिही बाबा' असे म्हणालेले नाही.

प्रथम त्या मोठ्या प्रकाशकाच्या सल्ल्याविषयी. आत्मकथन हा आमच्या साहित्याचा मानदंड आहे, त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि मराठी वाचकाच्या पायाखालची जमीन हादरली. पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे, लक्ष्मण माने, शंकरराव खरात, शरणकुमार लिंबाळे, बेबीताई कांबळे, लक्ष्मण गायकवाड आले, पुढे २००३ साली ऊर्मिला पवारांचे 'आयदान' आले. या पुस्तकांनी जे केले ते शंभर मोर्चांनी झाले नसते. पण प्रस्थापित साहित्यव्यवस्थेने त्यातून एक सोयीची वाटणी करून टाकली. दलिताने आपले दुःख सांगायचे, आणि माणसाची, समाजाची, काळाची कल्पना करायची ती इतरांनी. आम्ही फक्त साक्षीदार. पिंजऱ्यात उभे राहून 'माझ्यावर असे असे झाले' एवढे सांगायचे आणि खाली उतरायचे. निकालपत्र लिहिणारा कायम दुसराच!

कादंबरी लिहिणे म्हणजे निकालपत्र स्वतः लिहिणे होय. आत्मकथनात लेखक एका आयुष्याला बांधलेला असतो. कादंबरीत तो पाटलाच्या वाड्यातही शिरतो, पोलीस ठाण्यातही शिरतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसतो, ब्राह्मणाच्या विधवा बहिणीच्या मनातही डोकावतो. ज्याला शतकानुशतके दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायची बंदी होती, त्याने कागदावर सगळ्यांच्या घरात मोकळेपणी हिंडावे, हीच मुळात बंडखोरी आहे. म्हणून आमच्या मुलांनी कादंबरी लिहिणे हा हौसेचा विषय आहे असे आम्ही मानत नाही. ते चळवळीचे काम आहे.

आणि ही वाट नवीन नाही, हेही आमच्या तरुणांना कोणी सांगत नाही. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेले, शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेले अण्णा भाऊ साठे मुंबईत आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आणि ती त्यांनी अर्पण केली बाबासाहेबांच्या लेखणीला. लक्षात घ्या, अण्णा भाऊंनी स्वतःच्या उपासमारीचे रडगाणे गायले नाही, त्यांनी नायक उभा केला. तोही भुकेलेल्यांसाठी धान्य लुटणारा, कायद्याच्या नजरेत गुन्हेगार असलेला नायक. त्यांच्यानंतर बाबूराव बागुलांनी 'सूड' लिहिली, केशव मेश्राम यांनी 'हकीकत आणि जटायू' लिहिली, उत्तम बंडू तुपे यांनी 'झुलवा' लिहिली. नामदेव ढसाळ कवी म्हणून जगाला माहीत, पण 'हाडकी हाडवळा' ही कादंबरी त्यांचीच. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन' या कादंबरीला २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला. 'अक्करमाशी'चा लेखक कादंबरीकार म्हणून देशपातळीवर गौरवला गेला, याची आमच्या वस्तीत किती चर्चा झाली? बॅनर लागले काय? नगरसेवकाच्या वाढदिवसाला लागतात तेवढे तरी?

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर २०१० च्या डिसेंबरात ठाण्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष होते उत्तम कांबळे. पेपर विकून शिकलेला, पुढे संपादक झालेला आणि कादंबऱ्याही लिहिणारा माणूस. २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला संमेलन झाले. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासूनचे. म्हणजे पुस्तकाला या भागात तोटा नाही. तोटा आहे तो त्या कपाटांमध्ये आमच्या वस्तीच्या गोष्टीला.

कुठली गोष्ट, असे विचारणाऱ्याने खिडकी उघडून बाहेर पाहावे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली कुटुंबे इथल्या डोंगरांच्या उतारावर कशी वसली? २७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, मराठवाड्यात आमची घरे पेटली आणि किती माणसे रातोरात गाव सोडून निघाली. त्यातली काही कल्याण स्टेशनवर उतरली आणि परत कधी गेलीच नाहीत. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा त्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल? कोकणातून आलेला आमचा समाज रेल्वेत, गोदीत, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत शिरला. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. बंद कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एखाद्या कामगाराचा मुलगा त्याच वर्षी बारावीला असेल, तर? २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेसचा स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा अमुदानचा झाला. काचा फुटल्या त्या घरांत कोण राहत होते, कंत्राटी कामगार कोणत्या वस्तीतून येत होते?

आणि २००६. २९ सप्टेंबरला खैरलांजी घडले. दोन महिन्यांनी कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन पेटली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत जळणाऱ्या डब्यांचे फोटो होते, प्रवाशांना आधी खाली उतरवले होते ही गोष्ट मात्र कोपऱ्यात गेली. त्यानंतर वस्त्यांवस्त्यांत धरपकड झाली. आम्ही त्या वेळी वकिलीत नवखे होतो. आम्ही पाहिलेल्या आया आठवतात. जामिनासाठी रेशनकार्ड, लाईटबिल पदराखाली धरून कोर्टाच्या आवारात दिवसभर उभ्या. एकीचा मुलगा तर त्या संध्याकाळी कामावर होता, हजेरीपत्रक घेऊन ती फिरत होती. आज त्या पोरांची वये चाळिशीकडे गेली आहेत. कुणाची नोकरी हुकली, कुणाचे लग्न मोडले, कोणी पुढारी झाला, कोणी दारूत बुडाला. या प्रकरणांच्या फाइली आम्ही वाचल्या आहेत. फाइलीत सगळे आहे. पंचनामा आहे, जप्ती आहे, तारखा आहेत. ती संध्याकाळ त्यात नाही. ती फक्त कादंबरीत येऊ शकते, आणि एवढ्या वर्षांत ती आलेली आमच्या तरी वाचनात नाही.

आता लिहायचे कसे? आम्ही काही साहित्याचे प्राध्यापक नाही, पण साक्षीपुरावा तपासण्यात वीसेक वर्षे गेली आहेत आणि आमच्या मते त्यात कादंबरीकाराला उपयोगी पडेल असे बरेच आहे. कोर्टात साक्षीदाराने 'आरोपी फार क्रूर होता' असे म्हटले तर त्याला किंमत नाही. 'त्याने माझ्या भावाची कॉलर धरली आणि उंबऱ्यावरून ओढले, तेव्हा भावाच्या एका पायात चप्पल नव्हती' असे म्हटले की न्यायाधीश मान वर करतात. नवीन लेखकांच्या वह्यांमध्ये आम्हाला पहिल्या प्रकारची वाक्ये पानोपानी दिसतात. 'समाजव्यवस्थेने त्याला नाकारले.' अरे, कोणी नाकारले? कुठे? त्या वेळी हातात काय होते? दुसरे म्हणजे, चांगला वकील उलटतपासणीच्या तयारीसाठी विरुद्ध पक्षाची बाजू स्वतःच आधी मांडून पाहतो. तुमच्या कादंबरीतल्या सवर्ण घरमालकाला नुसता राक्षस करू नका. तो सकाळी देवपूजा करतो, मुलीच्या फीसाठी धावपळ करतो, शेजाऱ्याला दवाखान्यात नेतो आणि तरीही तुमचे आडनाव ऐकल्यावर 'जागा कालच दिली' असे सांगतो. असा माणूस वाचकाच्या छातीत राक्षसापेक्षा खोल रुतेल, कारण तो त्याच्या ओळखीचा असेल.

यापेक्षा अवघड गोष्ट आपल्या घरातली आहे. आमच्या समाजाला आपला नायक निष्कलंक लागतो. कादंबरीत शाखेचा अध्यक्ष जयंतीच्या वर्गणीचा हिशेब देत नाही असे लिहिले की लगेच ओरड होते, 'चळवळीची बदनामी केली!' बायकोला मारणारा कार्यकर्ता, गटबाजीत विहाराला कुलूप लावणारे दोन भाऊ, पोटजात विचारून लग्न जुळवणारे बौद्ध कुटुंब, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतल्यावर दारावर पूर्ण नावाऐवजी फक्त आद्याक्षरे लावणारा आमचाच अधिकारी, यांच्याविषयी आम्ही खासगीत बोलतो, लिहित नाही. बागुलांनी १९६३ साली जात चोरण्याची कथा लिहिली होती. साठ वर्षे उलटली, चोरी थांबली काय? बुद्धाने डोळे उघडे ठेवून पाहायला शिकवले. दुःख आहे हे आधी मान्य करा, मग कारण शोधा. तेव्हा लिहिणाऱ्याने समाजाला भिऊ नये, आणि आम्ही वाचणाऱ्यांनीही जरा दम धरावा. पुस्तक न वाचता निषेधाचे पत्रक काढण्याची घाई आमच्याकडेही वाढली आहे, हे कटू असले तरी खरे आहे.

वेळ नाही, ही सबब आम्हाला मान्य नाही. कल्याणहून सीएसएमटीला जाणारा माणूस येताजाता दोन तास गाडीत असतो. गर्दीत उभे राहून लिहिता येत नाही हे आम्हालाही कळते, पण मोबाईलवर बोटाने तीनशे शब्द होतात. दिवसाला तीनशे, असे दोनशे दिवस, म्हणजे साठ हजार शब्द. ही मध्यम आकाराची कादंबरी झाली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन नोकरी करत होत्या, दोन मुले एकटीने वाढवत होत्या, आणि पहाटे मुले उठायच्या आत लिहीत होत्या. पहिली कादंबरी १९७० साली आली तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीस होते. १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. हे उदाहरण आम्ही विशेष करून आमच्या भगिनींसाठी देत आहोत. बेबीताईंनी गावातले दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहिले. आमच्या मुलींना आज तरी लपवून लिहायची पाळी येऊ नये. जेवणानंतर भांडी भावाने घासली तर क्रांतीचे काही बिघडणार नाही.

आता त्या कराराच्या कागदाकडे येतो, कारण इथेच आमची पोरे लुटली जातात.

लेखनाचा हक्क म्हणजे कॉपीराइट. तो तुम्ही लिहिले त्या क्षणी तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. तोपर्यंत स्वतःलाच ईमेलने हस्तलिखित पाठवून ठेवले तरी तारखेचा काही एक आधार राहतो. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील तो हक्क २०१६ अखेर संपला, अण्णा भाऊंच्या तशाच पुस्तकांवरील २०२९ अखेर संपेल. म्हणजे आज तुम्ही 'कायमस्वरूपी' म्हणून सही केलीत तर तुमच्या नातवंडांच्या वाट्याचेही देऊन बसता. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याचे कलम १९ प्रत्येक नव्या लेखकाने वाचावे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, तोंडी चालत नाही. रॉयल्टी किती ते त्यात लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो संपुष्टात येतो. म्हणूनच काही चलाख मंडळी 'कायमस्वरूपी', 'सर्व भाषांत', 'चित्रपटासह' असे शब्द बारीक अक्षरात घालून ठेवतात. तुमच्या कादंबरीवर उद्या सिनेमा निघाला तर? भाषांतर झाले तर? छापील मराठी पुस्तकाचा हक्क द्या, तोही तीन-पाच वर्षांपुरता किंवा एका आवृत्तीपुरता. बाकी सगळे स्वतःकडे ठेवा.

पैसे भरून पुस्तक काढणे हा गुन्हा नाही. पण मग तो छपाईचा व्यवहार आहे असे समजा. छापणाऱ्याला छपाईचे पैसे द्या, प्रती सगळ्या तुमच्या, हक्क सगळे तुमचे. आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे कोणी पाच हजार मागत असेल तर उठून या. त्याआधी एक दार ठोठावून पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचे एकही पुस्तक आलेले नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी. कादंबरीही त्यात बसते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर नजर ठेवा, हस्तलिखित नीट टाइप करून पाठवा. हा तुमच्या कराचा पैसा आहे, भीक नाही.

खऱ्या घटनेवर लिहिताना काळजी घ्या. जिवंत माणसाला नुसते नाव बदलून कादंबरीत आणले आणि गावाला तो ओळखू आला, तर बदनामीचा दावा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्यासाठीच आहे. नावासोबत धंदा, गाव, घरची माणसे, सगळे बदला. दोन-तीन माणसे मिळून एक करा, तसे केल्याने माणूस जास्त जिवंत होतो असाही अनुभव आहे. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी माणुसकीने ते करू नये. बाकी कोणी भावना दुखावल्याची आरोळी ठोकली म्हणून घाबरायचे कारण नाही. तामिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांना २०१५ साली जातीय दडपशाहीने आपल्यातला लेखक मेला असे जाहीर करावे लागले होते. २०१६ च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, न आवडणारे पुस्तक वाचायची सक्ती कोणावर नाही हे ठणकावले, आणि ते पुन्हा लिहू लागले.

शेवटची जबाबदारी लेखकाची नाही, आमची आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमचा समाज पुस्तके विकत घेतो तसे दृश्य महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसते. पिशवीत भाकरी बांधून आलेली बाई परत जाताना पुस्तक घेऊन जाते. पण त्या स्टॉलवर नव्या लेखकाची कादंबरी शोधून पाहा, हाताच्या बोटावर मोजण्याइतकी सापडेल. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. म्हणजे एकाने वाचायचे, साठ जणांनी ऐकायचे, ही सवय आमच्याकडे तयार आहे. ती उरलेल्या नऊ महिन्यांत का मोडावी? महिन्यातून एका रविवारी विहारात नव्या लेखकाने एक प्रकरण वाचावे. ज्या आजीने १९७२ पाहिले ती समोर बसलेली असेल आणि 'असं नव्हतं बाळा, आम्ही सुकडी खाल्ली होती' असे सांगेल. असा संपादक पुण्या-मुंबईच्या कोणत्या प्रकाशकाकडे आहे?

आणि विकत घ्या. ओळखीच्या लेखकाकडून फुकट प्रत मागू नका. जयंतीला डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात नव्या कादंबरीच्या कितीतरी प्रती येतात, त्या वस्तीतल्या अभ्यासिकेत ठेवा, दहावी-बारावीच्या सत्कारात ट्रॉफीऐवजी द्या. पुस्तक छापायला पैसे नसणे म्हणजे काय हे बाबासाहेबांनीही भोगले आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या पाचशे प्रती सरकारने घ्याव्यात, अशी विनंती केली होती. बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष साजरे करणाऱ्या सरकारने ती मान्य केली नाही. ग्रंथ बाजारात आला १९५७ साली, तेव्हा बाबासाहेब नव्हते. त्या पाचशे प्रती आमच्या समाजाने आधीच मागवून ठेवल्या असत्या तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

त्या तरुणाने करारावर सही केली नाही. सव्वादोनशे पाने आम्ही दोन रविवारी वाचली. पहिली चाळीस पाने नायकाच्या जन्माआधीची, त्यात बरीच भाषणे आहेत. ती काढून टाक असे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. पण एक्केचाळिसाव्या पानावर रिटायर झालेला गँगमन पहाटे चारला उठून सवयीने डबा भरतो, आणि बायको त्याला काही न बोलता तो डबा परत ओट्यावर ठेवते. तिथून पुढे आम्हाला पुस्तक खाली ठेवता आले नाही. परवा त्याचा फोन आला. चाळीस पाने काढली म्हणाला, त्यांच्या जागी सहा नवीन लिहिली आहेत, आणि येत्या पौर्णिमेला विहारात वाचू का, असे विचारत होता.